विहिरीवर बांधलेला म्हातारा

कोराडीच्या आमच्या क्वार्टरमध्ये उन्हाळ्याची दुपार डोळे मिटूनही ओळखू यायची. सकाळचा नळ जायच्या आत रांजण, माठ, बादल्या, एवढंच काय, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला पितळी हंडासुद्धा भरून व्हायचा. मग आई खिडक्या ओढून घ्यायची. बाबांनी पत्रा ठोकून घरीच बनवलेला कूलर घरघरायला लागायचा, त्याच्या वाळ्याच्या ताट्यांतून पाणी टपटपायचं आणि लांबवरून कोळशाच्या ट्रकांचा धडधडाट येत राहायचा. दोरीवरचे कपडे आत घेताना आई ते दोनदा झटकायची, कारण वीज केंद्राच्या चिमण्यांची राख वाऱ्याच्या मर्जीवर, आज आमच्याकडे तर उद्या गावाकडे. शिफ्ट बदलली की भोंगा व्हायचा. घरात घड्याळ होतं, पण त्याच्यावर कुणाचा भरवसा नव्हता. भोंगा झाला म्हणजे चार वाजले, मग घड्याळ काही का म्हणेना.

मे महिना लागला की दोन पाहुणे ठरलेले. प्रताप नगरहून मावशीचा दिलीप आणि सावनेरहून मामाची पुष्पा. दिलीप माझ्याहून वर्षभरानं मोठा, शहरातला, बोलण्यात भल्याभल्यांना गप्प करणारा. पुष्पा माझ्याच वयाची, पण माझ्यासारखी तोंडाळ नव्हे. आली की आधी केरसुणी कुठे आहे ते बघायची, मग पाणी प्यायची. तिच्याबरोबर एस.टी.च्या टपावरून मामाच्या शेतातल्या चिंचेचं एक भलंमोठं पोतं यायचं. ती चिंच फोडायची, चिंचोके काढायचे, मीठ लावून गोळे करायचे, की वर्षाची सोय झाली. तीन पोट्टे आणि एक पोतं, हे गणित आईनं केव्हाच मांडून ठेवलेलं होतं. नुसतं ‘चिंच फोडा’ म्हटलं असतं तर आम्ही पहिल्याच दुपारी पसार झालो असतो. म्हणून आईनं राज्य काढलं.

राज्य हा आमच्या आईचा खेळ. जेवणं झाली, गोळाभातावरच्या फोडणीचा वास अजून हाताला असायचा, तेव्हा ती खडू घेऊन सिमेंटच्या फरशीवर नदी काढायची, घाट काढायची, जंगल, किल्ला, मधे एक विहीर. त्या राज्यात आम्ही प्रत्येक जण एकेक माणूस व्हायचो आणि उन्हाळाभर तेच राहायचो. आई सांगायची, “तू आता घाटात आली. समोर दोन वाटा आहेत. एका वाटेवरून धूर येऊन राहिला. काय करतं बोल.” आपण काय करतो ते बोलायचं. जमेल की नाही अशी शंका असली की चिंचोके टाकायचे. पायरीवर घासून एका बाजूनं पांढरे केलेले चिंचोके असायचे. जास्त पांढरे वर आले तर जमलं, काळे आले तर फसलं. मात्र हात चिंचेतच पाहिजेत. ज्याचा हात थांबला त्याची पाळी गेली. आज मागे वळून पाहते तेव्हा या एका नियमाचं मला फार कौतुक वाटतं. आम्ही वाघाशी लढत होतो, पूर आलेली नदी ओलांडत होतो आणि आईची चिंच फुटत होती.

माझा नातू बंगळूरला असतो. तो आणि त्याचे मित्र कॉम्प्युटरवर असलेच खेळ खेळतात. कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक. मागच्या दिवाळीत तो मला मोठ्या फुशारकीनं सांगत होता की खेळात एका दरवाजापाशी एक राक्षस उभा राहतो, त्याला मारलं की तो परत उठतो, म्हणून तिथेच बसून त्याला मारत राहायचं आणि गुण गोळा करायचे. “नियमात बसतं, आजी,” तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, बाळा, तुझा हा राक्षस मी फार पूर्वी पाहिलाय, आमच्या राज्यात तो म्हातारा होता. त्याला वाटलं आजीला काही समजलं नाही. म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

राज्यात कमाई एकच, पुण्याची. वाट चुकलेल्याला घाट ओलांडून दिला, एक पुण्य. कुणाची आग विझवली, एक पुण्य. पुण्य मिळालं की आई एक अख्खा चिंचोका ज्याच्या त्याच्या वाटीत टाकायची. पोतं रिकामं झालं की राज्य संपलं, आणि ज्याच्या वाटीत पुण्य जास्त तो राजा. राजाला पाटावर बसवून ओवाळणं वगैरे होतंच, पण खरं मोल निराळं होतं. “जो राजा, त्यानं पुढच्या उन्हाळ्यात राज्य सांगाचं,” असं आईनं, तो म्हातारा आला त्या वर्षी, पहिल्यांदा जाहीर केलं. खडू त्याच्या हातात. नदी कुठून वाहणार, वाघ कुठे बसणार, सगळं तो ठरवणार. हे ऐकलं आणि पुष्पाच्या हातातली चिंच तशीच राहिली, तिची पाळीही गेली. त्या दिवसापासून ती केर काढताना एकटीच पुटपुटायची, “समोर दोन वाटा आहेत. एका वाटेवरून धूर येऊन राहिला.” हुबेहूब आईचा आवाज. मी दाराआडून ऐकायची. घरात चारचौघांत दोन वाक्यं सलग न बोलणारी ही मुलगी आतल्या आत किती मोठं राज्य घेऊन हिंडते आहे, हे मला तेव्हा कळलं आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला.

आईचे नियम थोडे, पण लोखंडाचे. पहिला, बोललेला शब्द परत नाही. तिचाही नाही, आमचाही नाही. दुसरा तिनं बाबांच्या नोकरीवरून उचलला होता. बाबा वीज केंद्रात दुरुस्तीच्या कामावर होते. यंत्रात हात घालायच्या आधी माणूस त्याच्या बटणावर आपल्या नावाची लाल पाटी टांगतो, आणि ती पाटी त्यानंच काढायची. दुसऱ्या कुणी काढली आणि बटण दाबलं तर आतला माणूस गेलाच. “मोठा साहेब आला तरी हात नाही लावाचा,” बाबा जेवताना सांगायचे. आईला ही गोष्ट इतकी आवडली की राज्यातही तेच लागू झालं. ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढायचं, ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. तिसरा नियम तिचा स्वतःचा. तुमच्या माणसाच्या वाट्याला जे येईल ते तुम्ही अंगावर घ्यायचं. माझा घोडेस्वार तुरुंगात पडला तेव्हा मी अख्खी दुपार भिंतीकडे तोंड करून चिंच फोडली. दिलीपच्या व्यापाऱ्याच्या पाठीवर मिठाची गोणी होती म्हणून त्याच्या खांद्यावर गव्हाची पिशवी ठेवली गेली. तो कुरकुरला तेव्हा आई म्हणाली, “नुसतं तोंडानं कोणीही राजा होते गा.”

दिलीप आधी शिपाई होता. आठवड्यात त्याला कंटाळा आला आणि त्याला व्यापारी व्हायचं होतं. आईनं होऊ दिलं, पण जुन्या माणसाचं सगळं पुण्य सोडून. वाटी रिकामी करूनच नवा माणूस घ्यायचा. त्यानं रागारागानं वाटी उपडी केली. पुष्पा वाटाडी झाली होती, घाट ओलांडून देणारी. सगळ्यात कष्टाचं काम तेच. प्रत्येक खेपेला चिंचोके टाका, कधी दरड, कधी अस्वल. पण ती चिवट. माणसामागून माणूस तिनं पलीकडे नेला आणि तिची वाटी हळूहळू भरत गेली. माझी वाटी कशी होती ते विचारू नका. माझा घोडेस्वार शूर होता एवढंच सांगते.

अशात एक दिवस आईनं विहिरीपाशी एक म्हातारा आणला. शहरात बर्डीच्या बाजारात तेव्हा उन्हाळ्यात जागोजागी पाणपोया लागायच्या, ओलं लाल फडकं गुंडाळलेले रांजण आणि शेजारी ओगराळं घेऊन बसलेली बाई. त्यावरूनच तिला सुचलं असणार. म्हातारा लांबून आला आहे, त्याला दोरी ओढवत नाही, तहानेनं व्याकूळ आहे. दिलीपच्या व्यापाऱ्यानं त्याला पाणी पाजलं. आईनं चिंचोका दिला. “तहानलेल्याले पाणी पाजलं तर एक पुण्य,” ती म्हणाली. दिलीपनं चिंचोका वाटीत टाकला आणि जरा वेळ गप्प बसला. हा मुलगा गप्प बसला की समजायचं, काहीतरी शिजतंय.

“मावशी, थोड्या वेळानं याले परत तहान लागते नं?”

“लागन नाही तर काय. उन्हाळा आहे.”

“मग मी त्याले विहिरीपाशीच बांधतो. झाडाले. भटकला तर वाघ खाईल. त्याच्या भल्यासाठीच.”

आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग खडूनं विहिरीशेजारच्या झाडाला एक बारीक दोरी काढली. “बांधला,” ती म्हणाली.

त्यानंतर दिलीपची पाळी आली की एकच. “मी म्हाताऱ्याले पाणी पाजतो.” चिंचोका. पुढची पाळी, “मी म्हाताऱ्याले पाणी पाजतो.” चिंचोका. ना वाघ, ना दरड, ना चिंचोके टाकायची गरज. पुष्पा तिकडे अस्वलाशी झटापट करून एक माणूस पलीकडे न्यायची तोवर याचं पुण्य जागेवर बसून. दोन दुपारींत त्याची वाटी भरली, आईनं त्याला दुसरी आणून दिली. हा पठ्ठ्या आनंदानं शीळ घालत चिंच फोडत होता. मला तर तळपायाची आग मस्तकात गेली. मी माझा घोडेस्वार सोडला विहिरीवर. तलवारीनं दोरी कापते म्हटलं. आईनं मान हलवली. “ज्यानं बांधलं त्यानंच सोडाचं. तुलेच तर मालूम आहे नं वं सुमे.” मी म्हटलं, मग व्यापाऱ्यालाच कापते. चिंचोके टाकले. एक सोडून सगळे काळे. माझा घोडा विहिरीत पडला आणि दिलीप फरशीवर लोळून हसला.

संध्याकाळी मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती कैऱ्या उकडत होती, पन्ह्यासाठी. मी म्हटलं, हा नियम बदल. हे लबाडी करणं झालं. आई म्हणाली, “लबाडी कुठं केली त्यानं? मी बोलली तेच तो करून राहिला. डोकं आहे पोट्ट्याचं. मलेच नियमातलं भोक दिसलं नाही.”

“मग तो म्हातारा तुझाच आहे ना. त्याला सांग, पाणी नको म्हण.”

कैरीची साल काढता काढता ती थांबली. “तहानलेला माणूस पाणी नको म्हणते का वं? मी त्याच्या तोंडून नको म्हणलं तर ते मी म्हणलं, त्यानं नाही. दिलीपले हरवाले मी म्हाताऱ्याले खोटं पाडू?” मग जरा हळू आवाजात, “राज्य मोडलं तर मोडू दे. पण मी शब्द फिरवला तर उद्या तुम्ही माह्या कोणत्या शब्दावर घाट चढान?”

मला तेव्हा हे पटलं नाही. मी आदळआपट करत निघून गेले. आता वय झाल्यावर, आयुष्यभर सोयीनं नियम बदलणारी मोठमोठी माणसं पाहून झाल्यावर, त्या स्वयंपाकघरातल्या बाईपुढे मी मनातल्या मनात हात जोडते. सातवी शिकलेली होती आई. पण जिंकायला निघालेल्या पोराला थांबवण्यासाठीसुद्धा तिनं हातातल्या चिंचोक्याची पांढरी-काळी बाजू उलटी केली नाही.

पुष्पा भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी राज्य बसलं. ऊन असं की खिडकीच्या फटीतून येणारी तिरीपसुद्धा फरशीवर चटका देत होती. पोत्यात आता तळाशी थोडीच चिंच उरली होती. पहिली पाळी पुष्पाची. तिनं आपली वाटी उचलली, त्यातले चिंचोके क्षणभर पाहिले आणि सगळे टोपलीत ओतले. उन्हाळाभराचे सगळे घाट, सगळी अस्वलं. टोपलीत पडताना त्यांचा पावसासारखा आवाज झाला.

“मी माणूस बदलतो,” ती म्हणाली. आमच्याकडे मुलीही ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात, बाहेरच्यांना गंमत वाटते.

“कोण होतं वं?” आईनं विचारलं.

“विहिरीवरचा म्हातारा.”

आईनं टोपलीतल्या चिंचोक्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, “घे. तुहा झाला.” कारण न घेतलेला कुठलाही माणूस कुणीही घेऊ शकत होतं, हेही तिनंच कधीतरी बोललेलं होतं. पुष्पा उठली, स्वयंपाकघराच्या दाराच्या खांबाला पाठ लावून बसली आणि दोन्ही हात मागे नेले. एका हातानं ती पाठीमागेच चिंच फोडत राहिली, हात थांबू नये म्हणून.

दिलीपची पाळी आली. “मी म्हाताऱ्याले पाणी पाजतो.”

“मी पेत नाही,” पुष्पा म्हणाली.

“असं नाही चालत! तहानलेला माणूस—”

“तहान लागली आहे. पण मी पेत नाही.”

दिलीपनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “माणूस तिचा आहे गा. आता त्यानं काय कराचं ते तिच्यावर. फक्त अंगावर घ्या लागन.” दिलीप खांदे उडवून म्हणाला, “मग राहू दे. मी दुसरा तहानलेला शोधतो. राज्यात काय कमी आहेत?” आणि तो शोधायला निघाला. चिंचोके टाकले, काळे. पुन्हा टाकले, काळे. दुपार सरली. चारचा भोंगा झाला.

भोंगा झाला की राज्य उठायचं आणि पन्हं यायचं, हा रोजचा शिरस्ता. आईनं पेले भरून आणले. गूळ घातलेलं, वेलदोड्याचं, माठातल्या पाण्याचं गार पन्हं. मी एका दमात संपवलं. पुष्पा खांबापाशीच बसून होती. आईनं पेला तिच्यापुढे धरला तर तिनं मान फिरवली.

“राज्य उठलं वं पुष्पे.”

“मी कुठं उठली आत्या? मी बांधून आहो.”

तेव्हा आमच्या लक्षात आलं की ही जेवणानंतर एक घोटही प्यायलेली नाही. कदाचित जेवतानाही नाही. तिचे ओठ सुकलेले होते आणि गाल तापलेले. आई घाबरली. मे महिन्यातली दुपार, भावाची पोर, उद्या त्याला काय तोंड दाखवायचं? ती पहिल्यांदा खेळातून बाहेर येऊन ओरडली, “चुलीत गेलं ते राज्य! पाणी पे आधी!” पुष्पाचे डोळे भरून आले, पण तोंड उघडलं नाही. शेवटी ती म्हणाली, “तुम्हीच म्हणलं होतं आत्या. ज्यानं बांधलं त्यानंच सोडाचं. शब्द फिरवान तर मंग सगळंच खोटं होते.”

मी दिलीपला शोधलं तर तो घरात नव्हता. पन्हं तसंच टाकून मागच्या दारानं निघून गेला होता.

इतक्यात बाबा आले. फर्स्ट शिफ्ट करून, केसांत राख, हातात डबा. दारातच थांबले. खांबापाशी बसलेली पुष्पा, हातात पेला घेऊन रडवेली आई, आणि मी एका श्वासात सगळं सांगून टाकणारी. मला वाटलं, ते हसतील, किंवा रागावतील, किंवा दोन्ही. त्यांनी डबा खाली ठेवला, पुष्पापाशी उकिडवे बसले, फरशीवरची खडूची दोरी नीट पाहिली. मग म्हणाले, “दिलीपची पाटी आहे. त्याले बोलवा.” बस, एवढंच. जसं काही खरोखरच कुठलं यंत्र बंद आहे आणि आत माणूस आहे. बाबांवर मी आयुष्यात खूप प्रेम केलं, पण त्या एका क्षणी जितकं वाटलं तितकं पुन्हा क्वचितच वाटलं असेल.

दिलीप कॉलनीच्या पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत बसला होता. मी काही बोलायच्या आतच त्यानं विचारलं, “प्याली का?” मी नाही म्हटलं. तो उठला. वाटेत म्हणाला, “पण मी काही खोटं केलं नाही सुमे. नियमानंच करून राहिलो होतो.” मी चिडून म्हटलं, “जा, तिला जाऊन सांग.” तो झपझप पुढे चालायला लागला.

घरात येऊन तो नकाशापाशी उभा राहिला. आईला म्हणाला, “मावशी, मी नियमानंच जिंकून राहिलो होतो नं?”

“हाव,” आई म्हणाली. “कोणी तुले लबाड म्हणलं नाही गा बापू.”

त्याला ती शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, असं त्याचं तोंड झालं. तो गुडघ्यांवर बसला आणि तळव्यानं खडूची दोरी पुसली. एकदा पुसून गेली नाही, तर जोरजोरात घासली, तिथली फरशी बाकी राज्याहून स्वच्छ होईपर्यंत. मग उठून स्वतः माठापाशी गेला, तांब्या भरला, पुष्पापुढे धरला. “सोडलं,” तो म्हणाला. “पे आता.”

पुष्पानं दोन्ही हात पुढे घेतले, ते अवघडले होते. तिनं तांब्या तोंडाला लावला. ते पाणी गळ्यातून उतरतानाचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. अर्धा तांब्या एका दमात, मग श्वास, मग उरलेला.

आणि आईनं, माझ्या नियमाच्या पक्क्या आईनं, टोपलीतून एक चिंचोका उचलला आणि दिलीपपुढे धरला. तहानलेल्याला पाणी पाजलं होतं त्यानं. बोललेला शब्द होता. दिलीपनं त्या चिंचोक्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला. “राहू द्या मावशी,” तो म्हणाला आणि कूलरसमोर जाऊन तोंड फिरवून उभा राहिला. बराच वेळ उभा होता. कूलरचं पाणी उडून त्याचा शर्ट समोरून भिजला तरी तो हलला नाही, आणि आम्हीही कुणी त्याला हलवलं नाही.

पोतं चार-पाच दिवसांत संपलं. वाट्या मोजल्या तेव्हा अर्थातच दिलीप राजा. दिलेलं पुण्य आई परत घेणारी नव्हती. त्यानं एक वाटी पुष्पाकडे सरकवून पाहिली, पण आईनं डोळे वटारले. पुण्य उसनं देता येत नाही, असं काहीसं म्हणाली. पाटावर बसवून त्याला कुंकू लावलं, शेवया आणि आमरस वाढला. तो असा बसला होता की जणू त्याला कारल्याचा रस पाजला जातोय. “राजा झाला तर हास तरी जरासा,” पुष्पा म्हणाली, आणि हसली ती स्वतःच. तिच्या वाटीत त्या वर्षी एकही चिंचोका नव्हता. मला ती त्या ताटाभोवतीच्या सगळ्यांपेक्षा श्रीमंत वाटली. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण असलं काही बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. आता बोलते. पुष्पा सावनेरकडे शेती करते, पाच माणसांचं काम एकटी करते आणि फोनवर अजूनही दोनच वाक्यं बोलते. तिला हे वाचून दाखवलं तर म्हणेल, “कायले लिहितं वं असलं?”

वर्ष गेलं. पुन्हा मे, पुन्हा टपावरून चिंचेचं पोतं. दिलीप आला तो एकदम ताडमाड होऊन, आवाज फुटलेला. पहिल्या दुपारी आईनं खडू त्याच्या हातात दिला आणि स्वतः आमच्यात येऊन बसली, पुढ्यात चिंच घेऊन. आई आमच्यासारखी खेळायला बसली आहे याचाच आम्हाला इतका अचंबा होता की मी आणि पुष्पा एकमेकींना कोपरानं ढोसत होतो. तिनं आपला माणूस घेतला कोळीण, नदीवरची.

दिलीपनं बराच वेळ लावून नकाशा काढला. वर्षभर प्रताप नगरात तो हेच करत असणार, कारण त्याचा घाट आईच्या घाटापेक्षा अवघड होता आणि जंगलात दोन वाटा जास्त होत्या. विहीर मात्र मधे होती, तिथेच. मग खाकरून त्यानं नियम सांगायला सुरुवात केली. शब्द परत नाही. बांधलं त्यानंच सोडायचं. अंगावर घ्यायचं. घाट ओलांडून दिला तर पुण्य, आग विझवली तर पुण्य.

“अन् पाणी पाजल्याचं पुण्य नाही,” तो म्हणाला.

आईचा हात चिंचेत थांबला. “पुण्य नाही तर मंग पाणी कायले पाजाचं गा?”

मागच्या वर्षीचा दिलीप असता तर त्यानं अर्धा तास वाद घातला असता. यानं खडू खाली ठेवला. पुष्पाकडे पाहिलं नाही, आईकडेही पाहिलं नाही, विहिरीकडे पाहत म्हणाला,

“त्याले तहान लागते म्हणून, मावशी.”